तानुआक्काची गाठ

१९८० सालच्या श्रावणात माझ्या टेबलावर फॉर्मॅलिनच्या बरणीतून एक गाठ आली. बरणीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'तानुबाई, वय पन्नास, राहणार निपाणी.' बेळगावातल्या एका रुग्णालयाच्या तपासणी विभागात मी तंत्रज्ञ होतो. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे माझं काम. आमचे वरिष्ठ नागोजी हळूच म्हणाले, "मायाप्पा, ही बरणी मी घेतो. तू आज घरी जा बघू."

मी म्हटलं, "नको. मीच करतो."

ती तानुबाई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून एकोणीस वर्षांनी मोठी. मी चार वर्षांचा असताना आई गेली. आक्का त्याच्या आदल्याच वर्षी नवरा वारल्यामुळं माहेरी परत आली होती. तिनं मला पोटाशी घेतलं आणि पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ती चाळण्याच्या कामाला जायची. संध्याकाळी घरी आली की आधी अंगणात लुगडं झटकायची, पिवळा धुरळा उडायचा, शेजारपाजारची माणसं शिंकायची आणि मग ती मला जवळ घ्यायची. छप्पन्न सालानंतर आमच्या गल्लीत विहार झालं. तिथं कुणीतरी सांगितलं की पोरांना शिकवा. ते तिनं असं काही धरून ठेवलं, की मॅट्रिकला मी गणितात नापास झालो तेव्हा ती हेडमास्तरांकडं जाऊन म्हणाली, "पुन्हा बसतोय त्यो. जागा धरून ठेवा."

चौऱ्याहत्तर साली मला ही नोकरी लागली. ती बघायला आली, तेव्हा मी तिच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवला. बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "एवढी गर्दी हाय व्हय रं माझ्या रगतात? आन् मी म्हणतीया मी एकटीच हाय."

अशा बाईनं छातीतली गाठ आठ महिने लपवून ठेवली होती. भाऊ दवाखान्यात कामाला, आणि तरी. "बाप्याच्या मानसाला काय सांगायचं?" एवढंच तिचं उत्तर. तर ते काप मी काढले. रंगवले, काचेवर चढवले आणि नेहमीसारखे डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टरांनी काच पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

एक स्तन काढावा लागला. मग सहा महिने इंजेक्शनं झाली. त्या इंजेक्शनांनी तिची दशा केली. केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. शेवटच्या इंजेक्शनाला ती हात जोडून म्हणाली, "डागदर, मेले तरी चालंल, पर ह्ये पुन्यांदा न्हाय." पण ती उठली. केस पुन्हा आले, पहिल्यापेक्षा कुरळे. ती वखारीत परत गेली आणि बायकांना म्हणाली, "बघा गं, फुकटात कुरळं केस."

दोन वर्षं बरी गेली.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत तिची कंबर धरली. आधी वाटलं, थंडीनं असेल. मग बसता येईना, मग कूस वळता येईना. निपाणीहून बेळगावला आणलं ते जीपमध्ये गादी अंथरून. एक्स-रेत मणक्यांना वाळवी लागावी तशी भोकं दिसत होती. शिवाय जुन्या ऑपरेशनच्या वणाशेजारी, कातडीखाली, हरभऱ्याएवढी एक नवी गाठ हाताला लागत होती.

आमच्याकडं तेव्हा डॉक्टर हुक्केरी नावाचे सर्जन नव्यानं आले होते. मुंबईत चार वर्षं काढून आलेला तरुण माणूस. घरची भाषा कानडी, मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला 'की' लावायचे. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"मायाप्पा, दोन वाटा आहेत की. एक म्हणजे पुन्हा इंजेक्शनं."

"ती घेणार नाही, डॉक्टर."

"ठाऊक आहे मला. दुसरी वाट म्हणजे एक गोळी आहे. दिवसातनं दोनदा. केस जात नाहीत, उलटी फारशी नाही. पण ती दहा बायकांत तीन-चौघींनाच लागू पडते. लागू पडली का नाही ते कळायला तीन महिने जातात. आक्कांच्या हातात किती महिने आहेत, मी सांगू शकत नाही."

"मग त्या तीन-चौघीत आक्का आहे का, हे आधी कसं कळायचं?"

ते हसले. ज्याची वाट बघत होते तोच प्रश्न मी विचारल्यासारखे. समोरच्या कागदावर त्यांनी एक गोल काढला आणि म्हणाले, "हे बघ. तू इतकी वर्षं पेशी बघतोस. तिचा आकार बघतोस, रंग बघतोस. पण ती कुणाचं ऐकते, हे कधी बघितलास? बाईच्या अंगात एक संप्रेरक असतं, वाढ म्हणून सांगणारं. काही गाठींच्या पेशीत त्याचा हुकूम ऐकणारं एक प्रथिन असतं. कान म्हण की. ज्या गाठीला हा कान आहे, ती त्या हुकमावर वाढते. ही गोळी जाऊन त्या कानातच बसते. हुकूम ऐकूच जात नाही. पण ज्या गाठीला कानच नाही, तिच्यापुढं गोळी काय करणार?"

"आणि कान आहे का नाही, ते बघता येतं?"

"मुंबईत बघतात. पण तुकडा ताजा पाहिजे. फॉर्मॅलिनमध्ये घातला की ते प्रथिन मेलं. काढल्या काढल्या गोठवायला पाहिजे, आणि मुंबईपर्यंत गोठलेलाच राहायला पाहिजे. बर्फानं भागत नाही. द्रवरूप नायट्रोजन लागतो, उणे एकशे शहाण्णव अंश. तो आपल्याकडं कुठला? म्हणून तर आजवर इथनं कुणाची गाठ गेली नाही."

त्या दिवशी मी नळाखाली काचा धूत उभा होतो आणि डोक्यात एकच शब्द घोळत होता, नायट्रोजन. हा शब्द मी कुणाच्या तरी तोंडून ऐकला होता. डॉक्टरांच्या नव्हे, शिकल्यासवरल्या कुणाच्या नव्हे. आणि एकदम आठवलं, रवळू!

रवळू खानापूर तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. शहराबाहेरच्या एका कृत्रिम रेतन केंद्रात तो कामाला होता. संकरित वासरं व्हावीत म्हणून परदेशी जातीच्या बैलांचं रेत कांड्यांमध्ये गोठवून ठेवतात आणि गावोगावच्या गाईंना देतात, ते काम. आदल्या वर्षी त्याला महिना-महिना ताप येत होता. कुणी टायफॉईड म्हणालं, कुणी क्षय. रक्त माझ्याकडं आलं. धंदा काय म्हणून मी सहज विचारलं आणि त्याचं उत्तर ऐकून जनावरांपासून माणसाला होणाऱ्या तापाची तपासणी करून बघितली. तीच निघाली. औषध मिळालं, माणूस उठला. तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या तो मला त्याच्या कामाचं कौतुक सांगत होता. "सायेब, आमचा नायट्रोजन म्हंजी लई भारी. केळं बुडवा, दगुड हुतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून मी केंद्रावर गेलो. रवळू गाई बांधत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं हातातलं दावं खाली ठेवलं.

"आक्काची गाठ आमच्या कॅनमंदी?"

"होय. चालेल का?"

"चालंल का म्हंजी? कॅन सरकारी हाय, माझा न्हाय. पर थांबा." आणि तो थेट त्यांच्या पशुवैद्यांच्या खोलीत शिरला. ते वयस्कर गृहस्थ होते, कडक. मी बाहेर उभा. आतून पहिल्यांदा आवाज चढलेला ऐकू आला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "लहान कॅन रिकामा करून देतो. कांड्या मोठ्या कॅनमध्ये हलवू. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आडवा करायचा नाही. आणि झाकण घट्ट लावायचं नाही, आतल्या वाफेला वाट पाहिजे, नाहीतर फुटेल. रवळू, तू ऑपरेशनला हजर राहा. ह्यांना हाताळायची सवय नाही." मग म्हणाले, "माझी आई याच दुखण्यानं गेली."

पुढच्या बुधवारी ऑपरेशन ठरलं. जागा बधिर करून लहानशी गाठ काढायची होती, त्यामुळं आक्का जागी होती. रवळूला हिरवा झगा, टोपी, तोंडाला फडकं बांधून आत उभं केलं होतं. गाईगुरांत वाघासारखा वावरणारा गडी, पण तिथं भिंतीला पाठ लावून उभा. डॉक्टर हुक्केरींनी गाठ काढली, त्यातला एक तुकडा माझ्या नेहमीच्या बरणीसाठी ठेवला आणि उरलेला चकचकीत पातळ पत्र्यात गुंडाळून रवळूकडं दिला. त्यानं तो लांब दांड्याच्या वाटीत ठेवून कॅनमध्ये सोडला. तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला आणि पांढरी वाफ तोंडातून बाहेर सांडली.

आक्का पडद्याआडून म्हणाली, "रवळूदादा, माझी गाठ बैलांच्या जाग्यावर ठिवली म्हना की."

रवळूनं फडक्याआडून उत्तर दिलं, "आक्का, लई चांगल्या जातीचं बैल हायती. काळजी नगा करू."

नर्ससकट सगळे हसले. डॉक्टरांना टाका घालायचा हात थांबवावा लागला.

गुरुवारी सकाळी सहाच्या मुंबई गाडीत मी कॅन घेऊन चढलो. दुधाच्या घागरीएवढा, पण गळ्याशी निमुळता. पुढच्या सीटपाशी पायांच्या मधे धरून बसलो. हत्तरगीच्या पुढं रस्ता खराब होता. गाडीला हिसका बसला आणि झाकणाच्या कडेनं वाफेचा पांढरा लोट उठला. मागची बाई ओरडली, "धूर! धूर!" ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टर आण्णाप्पा, हे नाव मला नंतर कळलं, गर्दीतून वाट काढत आला.

"एनरी इदु? काय हाय ह्यात?"

"नायट्रोजन आहे. पेटत नाही. थंड आहे."

"थंड आन् धूर? ते चालणार न्हाय. वर टपावर टाका, न्हायतर उतरा."

"टपावर आडवा झाला तर संपलं हो."

"काय संपलं? आत हाय तरी काय?"

मी काय सांगणार होतो? शास्त्र सांगायला लागलो असतो तर संकेश्वर आलं असतं. मी म्हणालो, "माझ्या आक्काची गाठ आहे. कॅन्सरची. मुंबईला तपासायला नेतोय. ही पोचली तर तिला कुठलं औषध द्यायचं ते कळेल."

मला वाटलं, आता तर उतरवतीलच. तेव्हा लोक त्या रोगाचं नावसुद्धा घेत नसत. शिवलं तर लागतो असं समजणारे पुष्कळ होते. आण्णाप्पानं कॅनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्यानं दाराजवळची स्वतःची सीट रिकामी केली, तिथली तिकिटांची पेटी उचलली आणि म्हणाला, "हितं ठेवा. हितं हिसका कमी लागतोय." आपला टॉवेल त्यानं कॅनच्या बुडाशी घडी करून घातला आणि ड्रायव्हरला कानडीतून हाक मारून सांगितलं, "हळू घे रे, आतमध्ये पेशंट आहे." कोल्हापूरपर्यंत तो उभाच होता. निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यानं मला खाली उतरू दिलं नाही, स्वतः चहा आणून दिला. कोल्हापुरात त्याची पाळी संपली. नव्या कंडक्टरला त्यानं सगळं समजावून सांगितलं, आणि टॉवेल तसाच ठेवून गेला.

शुक्रवारी सकाळी मुंबईच्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी कॅन टेबलावर ठेवला. तिथल्या मुख्य संशोधक कामतबाई, पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी वाटी वर ओढली. दांड्याला केंद्राची पट्टी तशीच चिकटलेली होती, तिच्यावर बैलाचा नंबर आणि जात. बाईंनी ती मोठ्यानं वाचली, चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईतोवर हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "इतकी वर्षं आम्ही जिल्ह्याजिल्ह्यांतल्या डॉक्टरांना सांगतोय, की गोठवून पाठवा. सगळे म्हणतात नायट्रोजन नाही. हे कुणाला सुचलं नव्हतं हो. प्रत्येक तालुक्यात हा कॅन आहे."

मी तंत्रज्ञ आहे म्हटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि सगळं दाखवलं. गोठलेला तुकडा कुटून त्याचं पीठ केलं. ते द्रावात मिसळून प्रचंड वेगानं फिरवलं, वरचं नितळ तेवढं घेतलं. त्यात किरणोत्सारी खूण लावलेलं संप्रेरक घातलं. कान असतील तर ते संप्रेरक त्यांना चिकटून बसणार. मग बारीक कोळशाची पूड घातली, चिकटलं नाही ते सगळं कोळशानं ओढून घेतलं. उरलेलं यंत्रात मोजायचं. मी आठ-नऊ वर्षं मेलेल्या पेशींचे फोटो काढावेत तसं काम करत आलो होतो. इथं ही बाई त्या पेशींना विचारत होती, बाई गं, तू कुणाचं ऐकतेस? आणि पेशी उत्तर देत होती. निपाणीच्या वखारीतल्या एका बाईच्या अंगातली हरभऱ्याएवढी गाठ! मला एकदम भरून आलं, आणि ते लपवायला मी खिडकीपाशी गेलो.

सोमवारी दुपारी कामतबाईंनी कागद माझ्या हातात दिला. त्यावर आकडा होता. "दहाच्या वर असला तर आम्ही 'आहे' म्हणतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या आक्कांचा एकशे बारा आहे. म्हणजे लागू पडेलच असं नाही. पण आता दहात तीन नव्हे, दहात सहा-सात." दोन महिन्यांच्या गोळ्या त्यांनी तिथल्याच डॉक्टरांकडून मिळवून दिल्या.

आक्काला मी पलंगाशी बसून सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी त्या भवानीच्या कानात बोळा घालायचा. मग सरळ सांगायचं की. आण हिकडं."

आणि पहिल्या आठवड्यातच दुखणं दुपटीनं वाढलं.

असं कुणालाच अपेक्षित नव्हतं. म्हणजे मला नव्हतं. ती उशी दातांत धरून पडायची. माझी बायको जयाबाई तिचे पाय चेपत रडायची. दहाव्या दिवशी आक्का म्हणाली, "माया, बंद कर रं गोळी. बैलाच्या गाडग्यातनं गेलं, मुंबईला गेलं, सगळ्यांनी लई केलं. माझंच नशीब न्हाय." मीही डळमळलो होतो. डॉक्टर हुक्केरींना सांगायला गेलो तर ते जागचे उठलेच.

"दुखणं वाढलं? कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून."

"मग थांबवू नका की! कधी कधी सुरुवातीला गोळीनं गाठ खवळते. मी मुंबईत पाहिलं आहे. खवळते म्हणजे तिनं ऐकलंय. तीन आठवडे मला द्या. दुखण्याचं औषध मी वाढवतो." ते स्वतः खाटेपाशी आले, आक्काच्या शेजारी स्टुलावर बसले. "आक्का, मला तीन आठवडे देता का?"

आक्का म्हणाली, "डागदर मागतोय म्हटल्यावर न्हाय कसं म्हणू?"

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर आपली आपण वळली. पाचव्यात उठून बसली. दहाव्या आठवड्यात मी कामावरून आलो तर ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि जयाबाई दारात हात बांधून उभी, तिला अडवायची हिंमत नसलेली. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. मणक्यांतली भोकं पांढुरक्या हाडानं भरत आली होती. डॉक्टरांनी तो एक्स-रे खिडकीला लावून विद्यार्थ्यांना बोलावलं. आक्का शेजारी उभी राहून म्हणाली, "नीट बघा रं पोरानू. माझंच हाय."

बरी झाल्यावर तिचं पहिलं म्हणणं, मला रवळूकडं न्या. निपाणीहून बेळगावला येताना वाटेत, संकेश्वरला, आमच्या ओळखीच्या एकाच्या फडात ऊसतोड चालू होती. तिथं बस थांबवून तिनं वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोठी पेंढी घेतली. बेळगावपर्यंत ती पेंढी बसमध्ये, लोक शिव्या देत होते, ही ऐकत नव्हती. केंद्रावर गेल्यावर पशुवैद्यांना हात जोडले, रवळूच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग गोठ्यात जाऊन एका गाईपुढं वाढं टाकलं.

रवळू म्हणाला, "आक्का, गाईचा काय उपकार? कॅन तर कंपनीनं केलाय."

"तुला न्हाय कळायचं," ती म्हणाली. "हिच्यासाठी आणलेली वस्त माझ्या कामी आली. हिच्या वाटणीतलं मी घेतलं नव्हं का? मग दिलं पायजे की काय तरी." गाय शांतपणे खात होती. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत किती तरी वेळ उभी राहिली.

आण्णाप्पाला मात्र आम्ही गाठू शकलो नाही. दोनदा डेपोत चौकशी केली. त्याची दुसरीकडं बदली झाली होती. त्याचा टॉवेल जयाबाईनं धुऊन ठेवला होता.

त्यानंतर आक्काला पावणेपाच वर्षं मिळाली. ती तिनं घरात बसून काढली नाहीत. वखारीतल्या चाळणीचं काम जमेना, पण दुपारच्या सुट्टीत ती वखारीच्या दारात जाऊन बसायची. भाकरीची फडकी सोडून बसलेल्या बायकांत जाऊन सरळ विषय काढायची. "माझ्यावाणी आठ म्हयने दडवू नगा गं. लाजंनं मरायचं का? हात लावून बघा. गाठ लागली तर मला सांगा, माझा भाऊ हाय बेळगावात." सुरुवातीला बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. एकीनं तर तिला तोंडावर अभद्र म्हटलं. आक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. त्या पावणेपाच वर्षांत तिनं अकरा बायका बेळगावला आणल्या. स्वतः सोबत बसमधून, हात धरून. त्यांतल्या सात जणींची गाठ साधी निघाली. चौघींची वाईट. पण त्या चौघींपैकी तिघी वेळेत आल्या होत्या. कोंडाबाई म्हणून एक होती, चाळिशीची. तिची गाठ तर सुपारीएवढीसुद्धा नव्हती.

आणि त्या चौघींचे तुकडे आता फॉर्मॅलिनमध्ये मरत नव्हते. पशुवैद्यांनी वर लिहून एक जुना कॅन कायमचा आमच्या विभागाला मिळवून दिला होता. दर पंधरा दिवसांनी रवळू सायकलवरून नायट्रोजन भरायला यायचा. महिन्यातून एकदा कुणीतरी मुंबईला जायचं. कुणाच्या गाठीला कान, कुणाच्या नाही. ज्यांच्या नाही त्यांना हुक्केरी डॉक्टर वेळ न घालवता दुसरं औषध द्यायचे. एकच रोग म्हणून सगळ्यांना एकाच काठीनं हाकणं थांबलं. निदान आमच्या त्या दोन खोल्यांपुरतं.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर आक्काचं दुखणं परतलं. गोळी चालूच होती, पण रोग तिला जुमानेना. गळ्याशेजारी नवी गाठ आली. डॉक्टर हुक्केरी तिच्यापाशी बसून म्हणाले, "आक्का, ही गाठ काढून फारसा उपयोग नाही. आता मी दुखणं कमी ठेवीन. तेवढं नक्की करीन."

आक्कानं विचारलं, "आन् ही गाठ बी ऐकती का न्हाय, ते तुमाला ठावं हाय?"

"नाही. बहुतेक आता ऐकत नसावी."

"पयली ऐकायची आन् ही ऐकत न्हाय, असं का झालं?"

डॉक्टर म्हणाले, "ते जगात कुणालाच नीट ठाऊक नाही, आक्का. त्याचाच शोध चाललाय."

"मग काढा ही," आक्का म्हणाली. "द्या त्या मुंबईच्या बाईला. माझ्या उपेगाची न्हाय, ठावं हाय मला. पर दोन्ही शेजारी ठिवून बघंल की ती. मला पाच वर्सं कुणाकुणाच्या हातनं मिळाली. रवळूच्या, त्या गाडीवाल्याच्या, तुमच्या. मी कुणाला काय दिलं? येवढं तरी घ्या."

मी नको म्हणालो. पहिल्यांदाच तिच्यावर चिडलो, आणखी एक जखम कशाला म्हणून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मायाप्पा, तू मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसलास तवा मी तुला इचारलं व्हतं का?"

गाठ काढली. रवळूच ती मुंबईला घेऊन गेला, त्यानं रजा काढली होती. कामतबाईंचं पत्र आलं. गाठीचा आकडा शून्याच्या आसपास होता. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलं होतं : 'तानुबाईंना सांगा, एकाच बाईच्या आधीच्या आणि नंतरच्या गाठी अशा शेजारी ठेवून बघायला आम्हांला फार थोड्या मिळाल्या आहेत. आमच्या विद्यार्थिनी यावर काम करतील. मी त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानू?' मी ते आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई बी येडीच हाय. आभार कशाला?" आणि पत्र उशीखाली ठेवायला लावलं.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, निपाणीला, आमच्या गल्लीतल्या घरी, सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. डॉक्टरांनी शब्द पाळला होता. शेवटपर्यंत तिला फार सोसावं लागलं नाही. आदल्या दिवशी तिनं वांग्याचं कालवण मागून घेतलं होतं आणि मीठ कमी आहे म्हणून जयाबाईला बोललीसुद्धा होती.

विहारात वंदना झाली. वखार त्या दिवशी अर्धा दिवस बंद ठेवली होती. तिथल्या बायका रांगेनं आल्या. मी दारात उभा होतो. डॉक्टर हुक्केरी बेळगावहून आले होते आणि सगळ्यांत मागं, चपला काढून, खाली सतरंजीवर बसले होते. रवळू त्यांच्या शेजारी. कुणीतरी चार शब्द बोलावेत म्हणून लोक माझ्याकडं बघायला लागले. मी दारातच उभा राहिलो.

तेव्हा कोंडाबाई उठली. भर सभेत ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. पदर सावरून, जमिनीकडं बघत ती म्हणाली, "मला काय बोलाया येत न्हाय. माझी छाती कापली, पर मी हाय. माझ्या पोरीचं येत्या वैशाखात लगीन हाय. मी तिथं आसणार हाय. येवढंच."

आणि खाली बसली.